सिमेंटची गोणी तीच, मग घर पाचपट महाग का?

साध्या चार-पाच मजली आरसीसी इमारतीत १,००० चौरस फूट बांधकामाला ४०० ते ४५० गोणी सिमेंट आणि साडेतीन ते साडेचार टन सळई लागते. गोणी ३७० रुपयांना आणि सळई ६० रुपये किलोने धरली, तर सिमेंट-लोखंड मिळून चौरस फुटामागे जेमतेम ४०० रुपये होतात. जालन्यात सळईच्या मिल गावातच आहेत, जोगेश्वरीला तीच सळई ट्रकने जाते. भाडे, दलाली, हमाली धरून १५ टक्के जास्त मोजले, तरी फरक पडला ६० रुपयांचा. फ्लॅटच्या दरात मात्र चौरस फुटामागे वीस हजारांचा फरक सहज निघतो. तो कुठून येतो हे बघायला बिल्डरच्या खुर्चीत बसून हिशेब शेवटाकडून सुरुवातीकडे मांडावा लागतो.

त्याआधी एक कबुली. मुंबईत बांधकामही महाग आहेच. मिस्त्री-बिगाऱ्याची मजुरी जास्त, खोदलेली माती टाकायला जागा लांब, ट्रकला दिवसा बंदी. खरा खर्च वाढतो तो उंचीमुळे. वीस-पंचवीस मजले गेले की विटांच्या भिंतींऐवजी आरसीसीच्या शिअर वॉल येतात, सळई चौरस फुटाला पाच-सहा किलोंवर जाते, काँक्रीट ओतायला अॅल्युमिनियमच्या साच्यांची मायवान शटरिंग लागते, जादा लिफ्ट, आगीसाठी वेगळी लिफ्ट, आगीत आसरा घ्यायला रिकामी ठेवायची जागा (रेफ्यूज एरिया), पोडियम किंवा तळघरातले पार्किंग. खाडीच्या जवळ तळघर काढायचे तर महिनोन्‌महिने पंप लावून पाणी उपसत बसा. एवढे सगळे धरूनही बांधकामाचा खर्च लहान शहराच्या दुप्पट होतो, पाचपट होत नाही.

आता हिशेब. आकडे धरून चाललेले आहेत, तुमच्या भागाचे घालून बघा. दोन्हीकडे प्लॉट १०,००० चौरस फुटांचा.

पहिला प्लॉट मुंबईच्या पश्चिम उपनगरात, २७ मीटर किंवा त्याहून रुंद रस्त्यावर. एफएसआय म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येते तो आकडा. मूळ एफएसआय १, सरकारी तिजोरीत प्रीमियम भरून ०.५, टीडीआर म्हणजे दुसऱ्या जागेचा बांधकाम हक्क विकत घेऊन १, म्हणजे २.५. त्यावर फंजिबल नावाची ३५ टक्के जादा मुभा. एकूण ३३,७५० चौरस फूट. त्यातून विकण्याजोगे कार्पेट, म्हणजे घरातली वापरायची जागा, २७,००० धरू. पार्किंग, जिने, लॉबी असे एफएसआयबाहेरचे धरून प्रत्यक्ष बांधायचे ४७,००० चौरस फूट, ३,८०० रुपयांच्या दराने १७ कोटी ८६ लाख. प्रीमियम आणि टीडीआरचे १२ कोटी. कार्पेटचा दर २८,००० धरला तर विक्री ७५ कोटी ६० लाख. त्यातले ३३ टक्के व्याज, जाहिरात, ऑफिस, दलाली आणि नफा यांत जातात. सगळे वजा केल्यावर उरले सुमारे २० कोटी ८० लाख. हीच जमिनीची किंमत. प्लॉटच्या चौरस फुटाला २०,८०० रुपये.

दुसरा प्लॉट जालन्यासारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी. तिथे २०२०च्या डिसेंबरात मंजूर झालेली राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली लागू आहे. मूळ एफएसआय १.१, त्यावर ६० टक्के अॅन्सिलरी (पूरक) एफएसआय, म्हणजे १.७६. बिल्डर टीडीआरच्या भानगडीत पडत नाही, कारण वरचे मजले विकले जाण्याची खात्री नसते. १७,६०० चौरस फुटांतून कार्पेट १४,०००. प्रत्यक्ष बांधायचे २४,००० चौरस फूट, २,००० रुपयांनी ४ कोटी ८० लाख. प्रीमियम २५ लाख. दर ६,००० धरला तर विक्री ८ कोटी ४० लाख. इथे वरखर्च आणि नफा मिळून २७ टक्के. उरले १ कोटी ८ लाख, म्हणजे प्लॉटच्या चौरस फुटाला १,०८०.

घराचा दर ४.७ पट, कार्पेटमागे बांधकामाचा खर्च दुपटीच्या किंचित आत, आणि जमीन १९ पट. सगळा खेळ त्या शेवटच्या आकड्यात आहे.

जमीन महाग म्हणून घर महाग, असे आपण सर्रास म्हणतो. वरच्या हिशेबात क्रम उलटा आहे. आधी घर किती रुपयांना जाईल ते ठरते, सगळे खर्च वजा होतात आणि तळाला जे उरते ते जमीनमालकाच्या हाती पडते. म्हणून घराचा दर थोडा हलला तरी जमीन जोरात हलते. पहिल्या प्लॉटवर विक्रीदर १० टक्के वाढवून बघा: जमीन २४ टक्के वर जाते. दुसऱ्या प्लॉटवर तीच १० टक्के वाढ जमिनीला ५७ टक्के वर नेते, आणि १० टक्के घट ५७ टक्के खाली आणते. कागदावर तरी. प्रत्यक्षात लहान शहरातला मालक पडलेल्या भावात जमीन देत नाही, ‘राहू दे पडून, काही खायला मागत नाही’ म्हणतो आणि स्कीमच सुरू होत नाही. मंदीत लहान शहरातले दर फारसे पडलेले दिसत नाहीत, कारण व्यवहारच थांबलेले असतात.

दर ठरतो हप्त्यावर

मग २८,००० आणि ६,००० हे आकडे कोण ठरवतो? त्या जागी येऊ पाहणाऱ्या माणसाचा पगार आणि त्याच्यासमोरचे दुसरे पर्याय.

साडेआठ टक्के व्याज, २० वर्षे मुदत धरू. लाखाला हप्ता ८६८ रुपये. नवरा-बायको मिळून हातात एक लाख येत असतील आणि बँकेने ४५ टक्क्यांपर्यंत हप्ता मान्य केला, तर कर्ज मिळते सुमारे ५२ लाख. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच बँक जाते. म्हणजे घर ६५ लाखांचे, आणि १३ लाख स्वतःचे. मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि जीएसटी वेगळे, आणि या रकमेच्या घरासाठी बँक ते त्या ८० टक्क्यांच्या हिशेबात धरत नाही. इथेच बरेच जण फसतात: डाउन पेमेंटचे १३ लाख जमवतात आणि आणखी सात-आठ लाख लागतात हे करारनाम्याच्या आठवड्यात कळते.

६५ लाखांत ६,००० दराने १,०८० चौरस फूट कार्पेट येते. ऐसपैस तीन बेडरूम. २८,००० दराने २३२ चौरस फूट. वन आरके, तेही लहान. महागड्या शहरात माणूस जास्त पैसे देतो हे अर्धेच खरे. तो तेवढेच पैसे देऊन जागा कमी घेतो. म्हणूनच बिल्डर चौरस फुटाचा दर सांगायचे टाळतो आणि ‘पासष्ट लाखांत ऑल इन’ असा फलक लावतो.

पण नागपुरातही लाखभर पगाराची घरे पुष्कळ आहेत. तिथे दर का चढत नाही? कारण दर चढू लागला की वर्धा रोड, हिंगणा, बेसा, कामठी रोड, सगळीकडे नवे ले-आउट उघडतात. गिऱ्हाईक एका बिल्डरकडून दुसऱ्याकडे जाते. पगार ही वरची मर्यादा झाली. दर त्या मर्यादेला जाऊन टेकेल का, हे जमीन किती सहज मोकळी होते यावर आहे.

जमीन मोकळी का होत नाही

चर्चगेटवर कंपासचे टोक ठेवून वर्तुळ काढा. अर्ध्याहून जास्त भाग समुद्र आणि खाडी. उरलेल्यात शंभर चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान, खारफुटी, मिठागरे, बंदराची आणि रेल्वेची जमीन. पुण्यातही टेकड्या आहेत, लष्कराची जमीन आहे, लोहगावच्या विमानतळामुळे उंचीवर बंधने आहेत, पण शहर चारही दिशांना सरकू शकते. वाघोली महाग झाले की मांजरी, मांजरी झाले की उरुळी. मुंबईला उत्तर आणि खाडीपलीकडची पूर्व एवढ्याच वाटा.

भूगोलावर सगळे ढकलून चालणार नाही, निम्मा दोष कायद्याचा आहे. १९४७च्या भाडे कायद्याने मुंबईतली भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली. भाड्याने देण्यासाठी चाळ बांधणे तोट्याचे ठरले, ज्या होत्या त्यांची डागडुजी थांबली आणि पागडीचा समांतर बाजार रुजला. मग १९७६चा कमाल नागरी जमीन धारणा कायदा. मुंबईत ५०० चौरस मीटरपेक्षा आणि पुण्यात १,००० चौरस मीटरपेक्षा जास्त मोकळी जमीन ठेवता येत नव्हती. हेतू होता जादा जमीन गरिबांच्या घरांसाठी घ्यायचा. झाले असे की मालक कोर्टात गेले, सूट मिळवण्याच्या फायली फिरत राहिल्या आणि जमीन कुंपणाच्या आत अडकली. केंद्राने १९९९मध्ये कायदा रद्द केला, महाराष्ट्राने २००७च्या नोव्हेंबरात. तीस वर्षे.

आणि एफएसआय. १९९१च्या नियमावलीने मुंबई शहरात १.३३ आणि उपनगरात १ एवढाच मूळ एफएसआय दिला. २०१८पासून लागू असलेल्या नियमावलीत तो प्रीमियम आणि टीडीआर घेऊन वाढवता येतो, पण रस्त्याच्या रुंदीप्रमाणे. उपनगरातला निवासी तक्ता असा: ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर १, ९ ते १२ मीटरवर २, १२ ते १८ वर २.२, १८ ते २७ वर २.४ आणि २७ मीटर व त्यापुढे २.५. एकाच गल्लीत कोपऱ्यावरच्या सोसायटीचा पुनर्विकास होतो आणि आतली तशीच राहते, त्याचे कारण बहुधा या तक्त्यात सापडते. पुनर्विकासाच्या काही योजनांना वेगळे नियम आहेत, ते आर्किटेक्टकडून तपासून घ्यावेत.

प्रीमियम ही रक्कम रेडी रेकनरमधल्या, म्हणजे सरकारी दरपत्रकातल्या, जमिनीच्या दरावर टक्केवारीने ठरते. जमिनीचा दर जास्त, तर प्रीमियमही जास्त. आपल्या पहिल्या प्लॉटवर तो आणि टीडीआर मिळून कार्पेटच्या चौरस फुटाला जवळजवळ ४,४५० रुपये पडले. दुसऱ्या प्लॉटवरचे सगळे बांधकाम ३,४३० रुपयांत झाले होते. जालन्याच्या माणसाला अख्खे घर उभारायला लागतात त्यापेक्षा जास्त पैसे मुंबईकर नुसत्या बांधायच्या परवानगीचे मोजतो.

‘एफएसआय वाढवा, घरे स्वस्त होतील’ हे वाक्य त्यामुळे अर्धवट आहे. एकाच प्लॉटला किंवा एकाच पट्ट्याला जादा एफएसआय दिला तर घराचा दर तोच राहतो, विकण्याजोगी जागा वाढते आणि फायदा जमीनमालकाला जातो. शहरभर आणि फुकट मिळाला, सोबत पाणी-रस्ते आले, तरच दरावर दाब येतो. हैदराबादने २००६मध्ये एफएसआयची कमाल मर्यादाच काढून टाकली. किती उंच जायचे ते रस्त्याची रुंदी आणि चहूबाजूंनी सोडायची जागा यांवर ठरते. तिथेही दर वाढले, पण पश्चिम भागात एकामागून एक उंच मनोरे उभे राहत गेल्याने मुंबईसारखी टंचाई झाली नाही.

अहमदाबादने दुसरी वाट धरली, आणि ती मला एफएसआयपेक्षा महत्त्वाची वाटते. टाउन प्लॅनिंग स्कीममध्ये शे-दीडशे हेक्टरचा पट्टा घेतात, सगळ्यांच्या वेड्यावाकड्या शेतजमिनी कागदावर एकत्र करतात, प्रत्येकाकडून साधारण ४० टक्क्यांच्या आसपास जमीन रस्ते, बागा, शाळा यांसाठी कापतात आणि उरलेली चौकोनी करून, रस्त्याला लागून, त्याच मालकाला परत देतात. कोणाचे सगळे जात नाही, कोणाला सगळे मिळत नाही. बांधण्याजोगे प्लॉट आणि रस्ते एकदम तयार होतात. गंमत अशी की ही पद्धत १९१५च्या मुंबई नगररचना कायद्यातली. आपल्या १९६६च्या कायद्यातही तिची तरतूद आहे, पण आपण अनेक दशके मुख्यतः आरक्षणावर चाललो. एका शेतकऱ्याची अख्खी जमीन बागेच्या आरक्षणात, शेजाऱ्याला आयता रस्ता. पहिला कोर्टात जाणारच. मग बारा मजली इमारत उभी आणि तिच्याकडे जाणारा विकास आराखड्यातला (डीपी) रस्ता मध्येच एका शेताच्या बांधावर थांबलेला, हे दृश्य पुण्याच्या कडेकडेने कुठेही दिसेल. अलीकडे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (पीएमआरडीए) माण-म्हाळुंगेत टाउन प्लॅनिंग स्कीम हाती घेतली, ती त्याच अनुभवातून.

किलोमीटर मोजू नका

चर्चगेट ते विरार ६० किलोमीटर, सीएसएमटी ते कल्याण ५४, बदलापूर ६८. दर मात्र अंतराप्रमाणे सरळ रेषेत उतरत नाही. लोकलचा पास इतका स्वस्त आहे की प्रवासाचा खरा खर्च पैशांत नसून मिनिटांत आणि चेंगराचेंगरीत आहे. फास्ट गाडी कुठे थांबते, गाडी तिथूनच सुटते का, स्टेशनपासून पायी किती मिनिटे, पूर्वेला की पश्चिमेला, यावर दर ठरतो. ठाणे आणि डोंबिवलीला फास्ट थांबते, मधल्या बऱ्याच स्टेशनांवर थांबत नाही. स्टेशनपासून सात मिनिटे चालत आणि शेअर रिक्षाने वीस मिनिटे, या दोन घरांत एकाच गावात मोठी तफावत दिसते. सकाळी सव्वाआठला रिक्षाच्या रांगेत उभे राहून घड्याळ लावा. बिल्डरच्या ‘स्टेशनपासून पाच मिनिटे’वर विश्वास ठेवू नका, ती रविवार दुपारची मिनिटे असतात.

नवा पूल किंवा मेट्रो आली की दर वाढतो, पण तो उद्घाटनाच्या दिवशी वाढत नाही. मुंबई पारबंदर प्रकल्पाच्या अटल सेतूचे उद्घाटन १२ जानेवारी २०२४ला झाले. पुलापलीकडच्या उलव्याचे भाव त्याच्या नावावर कितीतरी वर्षे आधीपासून चढत होते. घोषणेला एक टप्पा, खांब दिसू लागले की दुसरा, आणि सुरू होईपर्यंत बहुतेक वाढ किमतीत जमा झालेली असते. उशिरा घेणाऱ्याच्या पदरी पडते ती फक्त सोय.

नवी मुंबईत आणखी एक घटक आहे. तिथली जमीन सिडकोने संपादित करून ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली. मालकी हक्काच्या घराशी दर ताडताना पट्ट्याची किती वर्षे उरली आणि हस्तांतर शुल्क किती पडेल ते धरा. प्लॉट साडेबारा टक्के योजनेतला, म्हणजे प्रकल्पग्रस्त शेतकऱ्याला मिळालेला असेल, तर सगळ्या वारसांच्या सह्या झाल्या आहेत का ते पाहा. तशा प्लॉटवरच्या इमारती शेजारच्या निविदेतल्या प्लॉटवरच्या इमारतींपेक्षा स्वस्त मिळतात, आणि वारसांचे वाद हे त्यामागचे नेहमीचे कारण.

स्वस्त दिसते ते कागदात

दोन भागांतल्या दरातला बराच फरक कागदपत्रांचा असतो. भोगवटा प्रमाणपत्र (ओसी) नसलेल्या इमारतीला मोठ्या बँका कर्ज देत नाहीत. कर्ज नाही म्हणजे गिऱ्हाईक रोकडवाले, आणि रोकडवाले थोडे. दर आपोआप खाली. गुंठेवारीच्या प्लॉटचे तसेच. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, लहान तुकडे विकण्यावरच्या बंदीमुळे (तुकडेबंदी) त्याचे स्वतंत्र खरेदीखत वर्षानुवर्षे अडत आले, मग नोटरीवर व्यवहार किंवा सात-बारावर अकरा जणांची सामाईक नावे. शेजारच्या बिगरशेती (एनए) ले-आउटपेक्षा निम्म्या भावात मिळतो खरा, पण विकायला काढाल तेव्हा तुम्हालाही निम्माच भाव.

कोकणात उलटा प्रकार. जमीन भरपूर, घरे रिकामी, तरी सुटसुटीत प्लॉटचा भाव चढा. सात-बारावर आजोबांपासूनची पंचवीस-तीस नावे, त्यातली निम्मी मुंबईत, दोघे परदेशात. वाटप झालेले नाही. सगळ्यांच्या सह्या आणणे एवढे जिकिरीचे की स्वच्छ नावाची, रस्त्याला लागलेली, एनए झालेली वीस गुंठे जमीन दुर्मीळ होते आणि तिला दुर्मिळतेचा भाव येतो.

कोल्हापूर-सांगलीत पूररेषा बघा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळीच्या आत नवे बांधकाम बंद, दोन्हींच्या मध्ये अटींवर. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी पाणी आले आणि गिऱ्हाइकांना रेषा पाठ झाल्या. पाणी जिथवर आले होते तिथवरचे दर वेगळे, चढावरचे वेगळे. त्यात कोल्हापूरची हद्दवाढ १९७२पासून रखडलेली, त्यामुळे शहराच्या आतली कोरडी जमीन मोजकी.

गोव्यात स्थानिक पगाराचा आणि दराचा संबंध तुटला आहे. बार्देशातल्या आसगाव, शिवोली, हणजूण या गावांत गिऱ्हाईक दिल्ली, मुंबई, बंगळूरचे. त्यांचा हप्ता म्हापशाच्या पगारातून जात नाही. वरची मर्यादा बाहेरून आली. आणि पुरवठा? डोंगरउतार, खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाजन जमिनी, कोमुनिदादीची म्हणजे गावसमाजाची जमीन आणि किनाऱ्याच्या नियमांत अडकलेली जमीन वगळली की घरे बांधायला मोकळा सेटलमेंट झोन थोडाच उरतो. भातशेती बिगरशेतकऱ्याला विकायला २०२३च्या कायद्याने बंदी आहे. किनाऱ्यापासून दूर सत्तरी किंवा सांग्यात तोच जांभा, तोच पाऊस, पण बाहेरचे गिऱ्हाईक कमी, म्हणून भाव वेगळा. घेणाऱ्याने एक-चौदाचा उतारा (गोव्याचा सात-बारा) आणि झोनिंग दोन्ही पाहावे, आणि विकणारा विवाहित असेल तर जोडीदाराची सही घ्यावी, कारण गोव्याच्या नागरी कायद्यात सर्वसाधारणपणे दोघांची मालमत्ता सामाईक धरतात.

दोन गावांचे दर ताडून बघायचे तर

पहिले काम, एकच माप. घरखरेदीच्या रेरा कायद्याच्या व्याख्येतले कार्पेट म्हणजे आतल्या भिंतींसकट वापरण्याजोगी जागा. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी, खुली गच्ची त्यात नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी अजून सर्रास ‘सेलेबल’वर, म्हणजे कार्पेटवर जिने-लॉबी वगैरेंचे ‘लोडिंग’ चढवलेल्या क्षेत्रावर, दर सांगतात. ४,२०० सेलेबल आणि ४० टक्के लोडिंग, म्हणजे कार्पेटला ५,८८०. मुंबईतला दलाल कार्पेटवर बोलतो, नाशिकचा सेलेबलवर, आणि आपण दोन्ही आकडे शेजारी ठेवतो.

दुसरे, बोलीचा भाव सोडून झालेला भाव बघा. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, म्हणजे सूची क्रमांक दोन, शोधता येते. त्यातला क्रमांक २ म्हणजे मोबदला, प्रत्यक्ष दस्तात लिहिलेली रक्कम. क्रमांक ३ बाजारभाव, हा रेडी रेकनरने काढलेला असतो. क्रमांक ४ मध्ये मजला, फ्लॅट, आणि बऱ्याचदा क्षेत्र व पार्किंगचा उल्लेख. क्रमांक ५ क्षेत्रफळ. ते चौरस मीटरमध्ये असेल तर १०.७६४ने गुणा. शेवटच्या वर्षभरातले एकाच इमारतीतले सात-आठ दस्त काढा, मोबदल्याला क्षेत्राने भागा आणि मधला आकडा घ्या. सरासरी नको, एखादे बक्षीसपत्र किंवा पुनर्विकासातल्या जुन्या सभासदाचा दस्त सरासरीची वाट लावतो. मोबदला आणि बाजारभाव रुपयापर्यंत सारखे दिसले तर सावध व्हा. तिथे काही रक्कम दस्ताबाहेर गेलेली असू शकते, म्हणजे खरा दर त्याहून जास्त.

रेडी रेकनर स्वतः बाजाराचा आरसा नाही. त्याचे विभाग रस्त्याने किंवा नाल्याने तुटतात, म्हणून समोरासमोरच्या दोन इमारतींना वेगळे दर लागतात. लिफ्ट असलेल्या इमारतीत पाचव्या मजल्यापासून दर ५ टक्के आणि अकराव्यापासून १० टक्के वाढवून धरतात.

तिसरे, वरखर्च. मुद्रांक शुल्क मुंबईत ६ टक्के, पुण्यात ७. बाईच्या नावाने घेतले तर १ टक्का कमी. नोंदणी १ टक्का, पण ३०,००० रुपयांच्या वर नाही. बांधकाम चालू असलेल्या घराला ५ टक्के जीएसटी, ओसी मिळालेल्याला शून्य. ४५ लाखांपर्यंतच्या घराला १ टक्का, पण क्षेत्राची अट वेगवेगळी: मुंबई महानगर प्रदेशात ६० चौरस मीटर कार्पेट, पुण्या-नाशकात ९०. बदलापूर मुंबईच्या हिशेबात मोडते, तळेगाव मोडत नाही. ४४ लाखांच्या ७० मीटरच्या घराला एका ठिकाणी २ लाख २० हजार जीएसटी, दुसऱ्या ठिकाणी ४४ हजार.

चौथे, भाडे. वर्षाच्या भाड्याला किमतीने भागा. कोटीच्या घराला महिना २५,००० मिळत असेल तर ३ टक्के. कर्ज साडेआठ टक्क्यांचे. मधले साडेपाच टक्के म्हणजे पुढे दर वाढेल या आशेपोटी आज मोजलेले पैसे. एका भागात हे भाडे ३ टक्के आणि दुसऱ्यात २ टक्के पडत असेल, तर दुसऱ्या भागाच्या दरात आशेचा वाटा जास्त आहे. भाडे काढताना रिकामे राहणारे महिने आणि सोसायटीचा मेंटेनन्स वजा करा. उन्हाळ्यात टँकर लागत असतील तर त्याचाही हिशेब सोसायटीच्या ताळेबंदात असतो, सेक्रेटरीकडून मागून घ्या. मार्च ते जूनची पाण्याची बिले वेगळी काढून बघा, वर्षाच्या बेरजेत ती लपतात.